आयएटीनं ‘तीव्र कल’ दाखवला. आता मुलाखतीच्या पॅनेलवर बसावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिंगणा एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तुम्ही एचआर बघता. दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलामुलींची ट्रेनी म्हणून भरती होते. पॅनेल तिघांचं, त्यात तुम्ही एक. रंगाबद्दलची ऑनलाइन आयएटी (इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, मनातल्या आपसूक जोड्या मोजणारी चाचणी) सहज म्हणून दिली आणि निकाल आला, ‘सावळ्यापेक्षा गोऱ्या रंगाकडे तीव्र आपसूक कल’. तेव्हापासून झोप उडाली आहे. हे खरं आहे का, हे घालवता येतं का, आणि अख्ख्या पॅनेलला ही टेस्ट द्यायला लावावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. पहिल्याचं उत्तर, थोडं खरं, पण तुम्ही घेतला त्या अर्थानं नाही. दुसऱ्यावर लोक फार वेळ घालवतात. मन धुऊन काढायच्या भानगडीत पडण्यापेक्षा मुलाखतीचा कागद बदलणं स्वस्त पडतं आणि लागूही पडतं.

टेस्टमध्ये काय झालं ते आधी बघू. ही टेस्ट मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडली. मूळच्या सिकंदराबादच्या महजरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक यांच्यासोबत ती पुढे इंटरनेटवर आली. तुमच्या डाव्या हाताखाली ‘ई’ आणि उजव्या हाताखाली ‘आय’ हे बटण होतं. पहिल्या फेरीत नुसते चेहरे, दुसरीत नुसते चांगले-वाईट शब्द. तिसऱ्या-चौथ्या फेरीत दोन्ही मिसळून: गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला की एक बटण, सावळा चेहरा किंवा वाईट शब्द आला की दुसरं. पाचवीत चेहऱ्यांच्या बाजू उलटल्या आणि सहावी-सातवीत जोडी फिरली, म्हणजे सावळा आणि चांगला एका बटणावर. चुकीचं बटण दाबलं की लाल फुली येते आणि बरोबर बटण दाबेपर्यंत घड्याळ चालूच राहतं. तुम्हाला कोण आवडतं हे कुणी विचारलंच नाही. बोट कुठल्या जोडीत अडखळलं, तेवढंच मोजलं.

त्या अडखळण्याचा आकडा असा निघतो. १०,००० मिलिसेकंदांहून लांबलेली उत्तरं वगळतात. दहा टक्क्यांहून जास्त उत्तरं ३०० मिलिसेकंदांच्या आत आली असतील तर माणूस वाचत नव्हता, नुसता बटणं बडवत होता असं धरून निकालच रद्द करतात. मग दोन जोड्यांच्या सरासरी वेळांतला फरक त्या माणसाच्या स्वतःच्या प्रमाण विचलनानं, म्हणजे त्याच्या वेळा सरासरीभोवती किती पसरतात त्या मापानं, भागतात. सरावाच्या आणि मुख्य फेऱ्यांचं हे गणित वेगळं करून शेवटी दोन्हींची सरासरी घेतात. समजा एका जोडीत तुमची सरासरी ७०० मिलिसेकंद आणि उलट्या जोडीत ८८०. फरक १८०, म्हणजे पापणी लवायच्या हिशेबातला. विचलन २६० असेल तर भागाकार ०.६९. रेषा आखल्या आहेत त्या ०.१५ ला ‘किंचित’, ०.३५ ला ‘मध्यम’ आणि ०.६५ ला ‘तीव्र’. तुम्ही ‘तीव्र’मध्ये गेलात. तोच फरक राहून विचलन ३०० असतं तर आकडा ०.६० आला असता, पडद्यावर ‘मध्यम’ उमटलं असतं आणि कदाचित तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. या रेषा संशोधकांनी सोयीसाठी आखलेल्या आहेत. ०.६५ ओलांडल्यावर डोक्यात काही वेगळं घडतं, असं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा काटा हलता आहे. त्याच माणसानं काही दिवसांनी टेस्ट पुन्हा दिली तर दोन निकालांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) ०.५ च्या आसपास येतो. गोकुळपेठेतल्या भाजीवाल्याचा काटा असा असता तर गिऱ्हाईक टिकलं नसतं. हजार लोकांच्या सरासरीत ही हलणूक एकमेकींना खाऊन टाकते, म्हणून समाजाचा कल मोजायला टेस्ट कामाची. एका माणसावर शिक्का मारायला ती केलेलीच नाही, आणि तसं तिच्या संकेतस्थळावरच बजावलेलं असतं. पण निकालाच्या ओळीखालचं कोण वाचतं?

तुम्ही टेस्ट कुठल्या भाषेतून दिलीत, हेही महत्त्वाचं आहे. २०१० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दुभाषी लोकांना याच पद्धतीची टेस्ट दोन्ही भाषांतून दिली. कुठे अरबी आणि हिब्रू, कुठे अरबी आणि फ्रेंच, कुठे इंग्रजी आणि स्पॅनिश. भाषा बदलली तसा त्याच माणसाचा आकडा हलला. नागपुरात घरी मराठी, बाजारात हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा ‘खरा’ कल कुठल्या भाषेतला, याला उत्तर नाही. शिवाय जोड्यांचा क्रमही निकालात शिरतो. आधी शिकलेली जोडी बोटात मुरते, म्हणून नंतरची जड जाते. ते कमी करायला पाचवी फेरी २० ऐवजी ४० वेळांची करतात आणि अर्ध्या लोकांना उलटा क्रम देतात, तरी थोडं उरतंच.

कुणाच्या डोक्यात आलं की आपणच मराठीत जातीबद्दलची टेस्ट करू, तर आधी एवढं बघा. ज्या शब्दांची किंवा नावांची वर्गवारी करायची ती एका नजरेत आणि एकाच खुणेवरून व्हायला हवी. विदर्भातली आडनावं इथंच दगा देतात. मेश्राम बौद्धांतही आहेत आणि गोंडांतही. वानखेडे तर कितीतरी जातींत सापडतील. वाचणारा ‘हा कोण?’ म्हणून थबकला की तुम्ही कल मोजत नाही, गोंधळ मोजता. ‘क्रूर’ हा जोडाक्षरी शब्द आणि ‘छान’ हा सुटसुटीत शब्द समोरासमोर ठेवले तर वाचनाच्या वेगाचा फरकही आकड्यात मिसळतो. मजेची गोष्ट अशी की टेस्टमध्ये थबकायला लावणारं हेच आडनाव बायोडेटावर आलं की कुणी थबकत नाही. अंदाज चुकीचा असला तरी बेधडक बांधला जातो.

आता ‘खरं का’ याकडे. टेस्टनं तुमच्या डोक्यात ‘गोरं’ आणि ‘चांगलं’ ही गाठ पक्की असल्याचं दाखवलं. ती असणारच. ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीत ‘गोरी, सुस्वरूप’ वाचत आपण मोठे झालो. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका क्रीमच्या नावातला ‘फेअर’ २०२० साली निघाला, तोवर पंचेचाळीस वर्षं तो शब्द घराघरातल्या आरशासमोर होता. ही गाठ म्हणजे तुमचं मत की तुम्हाला माहीत असलेलं जगाचं मत, यावर संशोधकांत अजून भांडण आहे. पॅनेलच्या कामापुरतं ते भांडण बाजूला ठेवलं तरी चालतं, कारण घाईच्या क्षणी परकं मतही आपलं म्हणून हाताशी येतं.

अशा कलाला ‘अबोध’ (अनकॉन्शस) म्हणतात; तो शब्द मात्र टाकून द्या, त्यानं फार नुकसान केलं आहे. २०१४ साली अ‍ॅडम हान आणि सहकाऱ्यांनी लोकांना टेस्टच्या आधी आपला निकाल काय येईल ते सांगायला लावलं, आणि लोकांनी बऱ्यापैकी अचूक सांगितलं. म्हणजे हे काही तळघरात कुलूपबंद नाही. आपण फक्त तिकडे बघत नाही. जॉन बार्ग यांनी १९९४ साली आपसूक विचाराचे चार धागे सुटे केले: जाणीव असते का, हेतू असतो का, मेहनत लागते का, ताबा ठेवता येतो का. चारही एकत्रच असतील असं नाही. सीताबर्डीवरून जाताना दुकानाची पाटी न वाचायचं ठरवून बघा. वाचलं जातंच, म्हणजे हेतू नाही, मेहनत नाही. पण वाचल्याची जाणीव पुरेपूर आहे.

तुमच्या खोलीत हे कसं दिसतं? भंडाऱ्याचा मुलगा समोर बसून सांगतो, “सर, मी दोन वर्षं तिथंच लेथवर काम करून राहिलो होतो.” पॅनेलमधल्या एकाच्या डोक्यात त्याच क्षणी ‘गावठी’ उमटतं. ‘करून राहिलो’ कानावर पडल्याची त्याला जाणीव आहे. ‘गावठी’ म्हणायचा हेतू नव्हता. त्याला मेहनत पडली नाही. ताबा? तो वेळ असेल तरच. पुढच्या उमेदवाराला बोलवायची घाई असेल तर ‘गावठी’चं पाच सेकंदांत ‘कम्युनिकेशन कमी’ होतं आणि तसं कागदावर जातं. आणि हाच पॅनेलवाला संध्याकाळी घरी जाऊन पोराला “काऊन बे, काय करून राहिला?” म्हणतो. आपण जे बोलतो त्यालाच आपण कमी लेखू शकतो, ही गोष्ट पुढे आकड्यांतही दिसेल.

टेस्टचा आकडा आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध किती? २००९ मध्ये ग्रीनवाल्ड यांच्याच गटानं आधीच्या अभ्यासांची बेरीज केली, सरासरी सहसंबंध ०.२७ निघाला. २०१३ मध्ये फ्रेड ऑसवाल्ड आणि इतरांनी वंश आणि वांशिकतेपुरतं पाहिलं तर तो ०.१५ च्या आसपास आला. ०.१५ चा वर्ग केला तर वागण्यातल्या फरकाचा दोनेक टक्के भाग. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं. कुणाचा आकडा ०.७ आला म्हणून त्याला पॅनेलवरून काढाल आणि ०.१ वाल्याला बसवाल, तर निवड सुधारल्याचं समाधान मिळेल, निवड सुधारणार नाही. उलट ०.१ वाला ‘मी तर स्वच्छ’ म्हणून निष्काळजी व्हायचा. वर हे निकाल ऑफिसात फुटले की ते चहाच्या टपरीवर पोचायला अर्धा तास लागत नाही.

घालवता येतं का? तात्पुरतं येतं. २०१४ मध्ये केल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी १७ उपाय एकाच मोजपट्टीवर तपासले. त्यातल्या आठांनी आकडा तिथल्या तिथे खाली आणला. २०१६ च्या पाठपुराव्यात नऊ उपाय घेतले. नऊही लगेच लागू पडले आणि काही तासांपासून काही दिवसांत सगळ्यांचा परिणाम ओसरला. २०१९ मध्ये पॅट्रिक फोर्शर आणि इतरांनी ४९२ अभ्यास एकत्र केले: आकडा बदलला म्हणून वागणूक बदलली, असं दिसलं नाही. दोन तासांच्या ‘अनकॉन्शस बायस’ कार्यशाळेचं कोटेशन घेऊन कुणी आलं तर त्याला एवढंच विचारा, की तीन महिन्यांनी काय मोजणार? उत्तर ‘फीडबॅक फॉर्म’ असेल तर चहा पाजून पाठवा.

या क्षेत्रात गाजलेलं सगळंच टिकलेलं नाही. म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचले की तरुण मुलं हळू चालतात, हा बार्ग यांचा १९९६ चा प्रयोग अजूनही सादरीकरणांत फिरतो. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या स्तेफान दुआयन आणि सहकाऱ्यांनी तो इन्फ्रारेड सेन्सर लावून पुन्हा केला, तेव्हा परिणाम मिळाला नाही. प्रयोग घेणाऱ्यांना ‘ही मुलं हळू चालणार’ असं आधी भासवलं होतं तिथंच तो दिसला. पॅनेलवाल्यानं यातला हा दुसरा भाग लक्षात ठेवावा: बघणाऱ्याची अपेक्षा समोरच्याच्या मोजमापात शिरते. “हा मॅनेजरसाहेबांच्या ओळखीचा आहे” एवढं वाक्य मुलाखतीआधी कानावर पडलं तरी काम झालं.

आपल्याकडचे आकडे बघायचे तर सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास घ्या. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता, ऑड्सच्या (येणं विरुद्ध न येणं या प्रमाणाच्या) भाषेत, ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट. कुणी कुणाला भेटलंच नव्हतं, सगळं टेबलावर बायोडेटा चाळताना झालं. दुसरा रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा, २०१२ चा. भारतातल्याच शिक्षकांना मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या आणि मुखपृष्ठावरची जात, वय, लिंग चिठ्ठ्या टाकून वाटावं तसं वाटलं. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या पेपरला ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलनानं कमी गुण पडले. फरक लहान, पण उत्तर लिहिलेलं असतानाही पडलेला. आणि तो पाडण्यात मुख्य वाटा ‘खालच्या’ मानलेल्या जातींतल्याच शिक्षकांचा होता; वरच्या जातींच्या शिक्षकांत तो दिसला नाही. म्हणून ‘आमच्या पॅनेलवर सगळ्या समाजाचे लोक आहेत, आम्हाला चिंता नाही’ हे म्हणणं पुरत नाही. ‘काऊन बे’वाला पॅनेलवाला आठवा.

तेव्हा कागद बदलू या.

अर्ज येतात तिथून सुरुवात. चाळणी करणाऱ्याच्या हाती आडनाव, फोटो, पत्ता आणि शाळेचं नाव जाऊ नये. इंदोरा, मोमिनपुरा, जरीपटका, धरमपेठ. नागपूरकराला पत्त्याची एक ओळ पुरते. रिसेप्शनवरच्या एकानं प्रत्येक अर्जाला टी-०१, टी-०२ असा क्रमांक द्यावा आणि ट्रेड, गुण, उत्तीर्ण वर्ष, अनुभवाचे महिने एवढंच एक्सेलमध्ये भरून पुढे पाठवावं. हे फसतं ते दोन ठिकाणी. ईमेलच्या पत्त्यात आडनाव राहून जातं. आणि बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला असेल तर डीपीत चेहरा दिसतोच, शिवाय ‘जय’च्या पुढे काय लिहिलं आहे तेही दिसतं. म्हणून अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊच नका.

मुलाखतीत चेहरा झाकता येत नाही. म्हणून चेहरा दिसण्याआधी जितके गुण पक्के करता येतील तितके करा. ट्रेनीसाठी सोपं आहे: २० मिमीच्या आसपासचा शाफ्ट, ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर, तीन जागी मोजून चिठ्ठीवर आकडे लिहायचे, चिठ्ठीवर फक्त क्रमांक. खरं माप आधी क्वालिटी विभागानं काढून ठेवायचं. ०.०२ मिमीच्या आत असेल तर पूर्ण गुण, ०.०५ पर्यंत अर्धे, पुढे शून्य. हे गुण मुलाखत सुरू होण्याआधी शीटमध्ये भरून शीट लॉक. नंतर ‘मुलगा चुणचुणीत आहे, प्रॅक्टिकलचे थोडे वाढवू’ असं होऊ नये म्हणून लॉक.

मुलाखतीत सर्वांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमानं. पॅनेलला हे शाळकरी वाटतं, अनुभवी माणसं वैतागतात. पण पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरतपासणीत ठरीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ आला आणि गप्पाटप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. ‘मी माणूस बघताच ओळखतो’ म्हणणाऱ्या साहेबांपुढे हे दोन आकडे ठेवायला हरकत नाही.

प्रश्नाइतकंच उत्तराचं माप आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं. एक प्रश्न जवळून बघू: “एकाच शाफ्टचा व्यास तीनदा मोजला, तीन वेगळे आकडे आले. काय कराल?” ‘सरासरी घेईन’ एवढंच म्हणाला तर १ गुण. मायक्रोमीटरचा झिरो एरर बघेन, तोंडं आणि शाफ्ट पुसून घेईन म्हणाला तर ३. त्यापुढे जाऊन रॅचेटनं सारखाच दाब देईन, वेगवेगळ्या कोनांत मोजून शाफ्ट लंबगोल झाला आहे का बघेन आणि सगळे आकडे नोंदवून सुपरवायझरला दाखवेन म्हणाला तर ५. आता भंडाऱ्याचा मुलगा म्हणतो, “आधी झिरो पाहून घेतो नं सर, मंग रॅचेटनंच फिरवतो, अन् थो फिरवून फिरवून मोजतो, गोल नसन तं कळते.” माप समोर असेल तर हे चाराच्या खाली जात नाही. माप नसेल तर ‘मंग’ आणि ‘थो’ कानात राहतात, लंबगोलाचा मुद्दा निसटतो.

गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच लिहायचे, शेवटी एकदम नाही. शेवटी लिहिलं की पहिल्या दोन मिनिटांतली छाप सहाही रकान्यांत सांडते. तिघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं. चर्चेत सर्वांत ज्येष्ठ माणूस शेवटी बोलायचा. प्लांट हेडनं आधी ‘बरा वाटला’ म्हटलं की उरलेल्या दोघांची पेनं आपोआप वळतात. दोघांच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक असेल तर तेवढ्याच प्रश्नावर बोलायचं आणि उमेदवाराचं वाक्य उद्धृत करून बोलायचं. शेऱ्याच्या रकान्यात ‘कॉन्फिडन्स नाही’, ‘पर्सनॅलिटी’, ‘स्मार्ट’, ‘आपल्यात बसेल’ हे शब्द बंद. काय केलं किंवा काय म्हणाला ते लिहा. ‘कुठले तुम्ही?’, ‘वडील काय करतात?’ हे विचारायचंच असेल तर गुणपत्रक जमा झाल्यावर. ओळख काढायची आपली सवय प्रेमळ असते हे कबूल, पण तिनं पहिल्या मिनिटातच माणसाला गावात, पेठेत आणि जातीत नेऊन बसवलेलं असतं.

एका उमेदवाराला २५ मिनिटं धरा, त्यातली शेवटची पाच फक्त लिहायला. दिवसाला दहापेक्षा जास्त नकोत. तेच चार तासांच्या वर जातात. थकवा आणि घाई वाढली की ताबा सुटतो आणि आपसूक विचार गाडी चालवतो.

नागपूरचा एक खास मुद्दा. भरती बहुधा परीक्षा संपल्यावर, मे-जूनच्या उन्हात. गडचिरोलीहून रात्रभर बसमध्ये बसून आलेला मुलगा ४५ अंशांत गणेशपेठच्या स्टँडवरून ऑटो बदलत हिंगण्याला पोचतो. समोर बसतो तेव्हा ओठ सुकलेले, आवाज खोल. पॅनेल लिहितं, ‘उत्साह नाही’. परिस्थितीचा दोष स्वभावाच्या खात्यात टाकणं ही आपसूक विचाराची सर्वांत जुनी खोड. त्यावर समुपदेशन नको; बाहेरगावच्यांना साडेअकरानंतरची वेळ द्या, आल्यावर पाणी, वीस मिनिटं पंख्याखाली, मग बोलवा. आणि ज्याला-त्याला तेच. धरमपेठहून स्वतःच्या गाडीनं आलेल्यालाही.

तुम्हाला स्वतःपुरतं काही हवं असेल तर ‘जर-तर’चा ठराव करा. ‘मी पक्षपात करणार नाही’ असा संकल्प उपयोगाचा नाही. तो कधी, कशावर लागू करायचा हे त्यात नाही. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवल्यानं हेतू तडीस जाण्यात ०.६५ इतका, म्हणजे मध्यमाच्या वरचा फरक पडला होता. तुमचा ठराव असा असू शकतो: ‘उमेदवार दारातून आत आल्या आल्या मनात चांगलं किंवा वाईट काही उमटलं, तर मी कागदाच्या कोपऱ्यात एक टिंब काढीन आणि पहिल्या प्रश्नाचं माप पुन्हा वाचीन.’ टिंब चांगल्या छापेलाही काढायचं. पक्षपात बहुतेक वेळा कुणाला ढकलण्यात नसतो, कुणाला हात देण्यात असतो. एखाद्याचं अर्धवट उत्तर “म्हणजे तुला असं म्हणायचं आहे ना?” म्हणून आपणच पुरं करतो, दुसऱ्याचं तसंच सोडतो. ठरल्यापेक्षा जास्तीचा प्रश्न कुणाला विचारला, तेही शीटवर लिहा.

आता तपासणी. जात विचारणं खासगी कारखान्यात अडचणीचं. त्याऐवजी शाळेचं माध्यम, जिल्हा आणि आयटीआय सरकारी की खासगी, एवढं भरतीनंतर नाव न लावता नोंदवा. समजा शहरातले २४ मुलाखतीला आले, ८ लागले. ग्रामीण ३० आले, ४ लागले. ३३ टक्के आणि १३ टक्के. एका वर्षाच्या एवढ्याशा आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, दोन-चार मुलांनी चित्र फिरतं. तीन वर्षांची बेरीज करा आणि फरक कुठल्या पायरीवर पडला ते शोधा. प्रॅक्टिकलमध्ये दोघं सारखे आणि मुलाखतीत दरी असेल तर दोष मुलाखतीत आहे. दरी प्रॅक्टिकलमध्येच असेल तर मुलाखत कितीही सुधारा, उपयोग नाही. त्या आयटीआयमध्ये मायक्रोमीटर कपाटाबाहेर निघतो का ते विचारा.

लांब पल्ल्याचं काही बदलतं का? हो, पण ते सहवासानं आणि सावकाश. पश्चिम बंगालमधल्या ग्रामपंचायतींत आरक्षणानं स्त्रिया प्रधान (सरपंच) झाल्या, त्यावर लोरी बीमन, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास आहे आणि त्यात आयएटीही वापरली होती. पुढारी म्हणून पुरुषच आवडणं बदललं नाही. पण ‘बाईचं काम घरात’ हा साचा पुरुषांच्या मनात सैल झाला आणि स्त्री-पुढाऱ्यांचं काम कमी लेखणं थांबलं. आवड तशीच राहूनही न्याय सुधारू शकतो, हे तुमच्या झोपेसाठी कामाचं आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांची क्रिकेट लीग भरवली. मिश्र जातींच्या एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली, वेगळ्या जातीच्या संघांशी लढत खेळलेल्यांची तशी वाढली नाही. तुमच्या कारखान्यात डिसेंबरात विभागवार टूर्नामेंट होत असेल आणि विभागांत एकेकाच भागातली मुलं असतील, तर यंदा चिठ्ठ्या टाकून संघ पाडा.

पॅनेलवर तुम्ही बसा. टेस्टचा निकाल कुणाला दाखवू नका, पुन्हा पुन्हा देऊन आकडा खालीही आणू नका. सरावानं तो तसाही उतरतो. पुढच्या भरतीआधी सहा प्रश्नांची मापं लिहून दोन जुन्या सुपरवायझरांकडून तपासून घ्या. त्यांना एकाच उत्तराला वेगळे गुण द्यावेसे वाटले तर माप अजून नीट लिहिलं गेलेलं नाही.